डिग्री नको असेल तर नको, पण चूक दाखवणारा माणूस शोधा

या वेळचं पत्र सोलापूरच्या अशोक चौकातून आलंय. लांबलचक आहे, कमी करून देते:

"ताई, मी ४४ वर्षांचा आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो. २००३ साली इतिहासात एमए केलं, ५२ टक्के पडले. वडील चादरीची डिझाइन काढायचे, ग्राफ पेपरवर, आणि मागाला डिझाइन कळवणारी भोकांची पुठ्ठ्याची कार्डं पण स्वतः पंच करायचे. त्यांच्या ग्राफच्या दोन पेट्या घरात आहेत. आता जुने कारखाने एकतर बंद पडायलेत नाहीतर कार्डांशिवाय डिझाइन विणणारं इलेक्ट्रॉनिक जकार्ड बसवायलेत, पंच कार्डांचे गठ्ठे किलोवर भंगारात चाललेत. मला सोलापुरी चादरीचा समग्र इतिहास लिहायचाय, पीएचडीच्या तोडीचा. चौकशी केली तर टक्के बसत नाहीत म्हणाले. एक ओळखीचे म्हणतात ४० हजार भरा, मानद डॉक्टरेट मिळते, स्टेजवर सत्कार पण होतो. बायको म्हणते एवढं करून मिळणार काय. विद्यापीठाच्या बाहेर राहून असं संशोधन होतं का? आणि झालं तर मानणार कोण?"

अण्णा, तुमचं पत्र वाचून मी आधी भंगाराच्या वाक्यावरच थांबले. बाकी सगळ्याला वेळ आहे, त्याला नाही. म्हणून आधी तेवढंच सांगते, या आठवड्यात ज्या कुठल्या एका कारखान्याची कार्डं जायच्या बेतात आहेत तिथं जा, मालकाला म्हणा भंगारवाला जो भाव देतोय तोच मी देतो, आणि उचला. पण सगळ्या कारखान्यांची गोळा करत बसू नका. एकाच कारखान्याचे दहा गठ्ठे, सोबत त्या कारखान्याच्या जुन्या वह्या आणि तिथं काम केलेला एखादा माणूस, हे कुठून आले माहीत नसलेल्या शंभर गठ्ठ्यांपेक्षा जास्त कामाचं आहे. गठ्ठ्याची दोरी सोडू नका, कार्डं ज्या क्रमाने ओवलीत तो क्रम म्हणजेच डिझाइन आहे हे तुम्हाला मी काय सांगणार, पण फोटो काढायच्या उत्साहात माणूस सोडतो. प्रत्येक गठ्ठ्याला पेन्सिलीने नंबर, कुणाकडून आला, कुठून आला, कोणत्या तारखेला आला, एवढं त्याच दिवशी वहीत. फोटोत बाजूला पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. आणि जमिनीवर ठेवू नका, पुठ्ठा आहे, वाळवीला आणि ओलीला वेळ लागत नाही.

आता ४० हजाराचं. नाही. एकदम नाही. खरी मानद डॉक्टरेट विद्यापीठ स्वतःहून देतं, पैसे घेऊन देत नाही, आणि जे पैसे मागतात त्यांच्या कागदाला भिंतीवर लावण्यापलीकडं किंमत नसते. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, स्वतःच्या वेबसाइटवर टाकतं, एकदा बघून घ्या. वाईट ह्याचं वाटतं की तुमच्यासारख्या माणसाकडं खरं काम आहे, आणि उद्या ते काम बाहेर आलं तर लोक आधी त्या सत्काराचा फोटो दाखवतील आणि मग वडिलांच्या ग्राफकडं पण संशयाने बघतील. त्या ४० हजारात स्कॅनर येतो, हार्ड डिस्क येते, कपाट येतं आणि पुण्याच्या बऱ्याच चकरा होतात.

टक्क्यांचं मात्र पुन्हा एकदा नीट विचारून घ्या. यूजीसीचे २०२२ चे पीएचडीचे नियम आहेत, त्यात एमएला ५५ टक्के लागतात हे खरं, पण एससी, एसटी, नॉन क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. म्हणजे तुम्ही यातल्या कशात बसत असाल तर ५० पुरतात आणि तुमचे ५२ चालतात. पार्टटाइम पीएचडी पण त्या नियमात आहे, नोकरीच्या ठिकाणची एनओसी लागते. प्रवेश परीक्षा, गाईड मिळणं, जागा असणं हे सगळं वेगळं, पण "बसत नाही" हे कुणीतरी काउंटरवर म्हणालं आणि तुम्ही दार लावून घेतलं असं नको व्हायला. कागद बघून ठरवा. तरीही बाहेरच राहून करायचं असं तुमच्या मनात असेल (पत्रावरून मला तसंच वाटलं) तर पुढचं सगळं त्यासाठी.

आणि हो, जोपर्यंत कुठं नोंदणी नाही तोपर्यंत "पीएचडी करतोय" असं म्हणू नका. "सोलापुरी चादरीच्या डिझाइनवर संशोधन करतोय" म्हणा. ते खरं आहे आणि ऐकायला पण चांगलं आहे.

तर विद्यापीठाबाहेर होतं का. होतं. असं विचारलं की लोक लगेच कापरेकरांचं नाव घेतात. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, बीएस्सीच्या पुढं डिग्री नाही, ६१७४ ची गंमत शोधली. कुठलाही चार आकडी नंबर घ्या, चारही आकडे सारखे नकोत, मोठ्याकडून छोट्याकडं मांडा, त्यातून उलटा मांडलेला वजा करा, असं करत राहिलं की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. १९७५ साली अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्याबद्दल छापून आलं तेव्हा जगाला कळलं. मला हे उदाहरण फार आवडतं पण तुमच्यासाठी ते पूर्ण लागू नाही हे सांगायलाच पाहिजे. गणितात कापरेकर बरोबर आहेत की नाही हे सहावीतला पोरगा पाटीवर करून बघू शकतो. तुम्ही उद्या लिहिणार की "अमुक मोराचं डिझाइन माझ्या वडिलांनी पहिल्यांदा काढलं", ते कोण करून बघणार? तिथं वाचणाऱ्याला फक्त तुमचा शब्द आहे, आणि नुसता शब्द संशोधनात चालत नाही, मुलाचा तर नाहीच नाही.

म्हणून राजवाड्यांकडं बघा. वि. का. राजवाडे बीए झालेले, कुठल्या कॉलेजात प्राध्यापक नव्हते, गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा केली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. त्यांनी शब्दांच्या ज्या व्युत्पत्त्या लावल्या त्यातल्या बऱ्याच नंतरच्या अभ्यासकांनी मान्य केल्या नाहीत. पण जी मूळ पत्रं त्यांनी छापली ती आजही लोक वापरतात, राजवाड्यांचं मत पटो न पटो. तुमच्या बाबतीत ती मूळ पत्रं म्हणजे कार्डं आणि ग्राफ. आणि दुसरं म्हणजे १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, म्हणजे जिथं एकाने निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं अशी जागा उभी केली. एकट्याने काम करणाऱ्या त्या माणसाला पण अशी जागा लागली.

माझं सगळं म्हणणं याच्यातच आहे अण्णा. पीएचडीत मुलं पाच सहा वर्षं नक्की काय करतात बघा. कोर्सवर्क असतं, ते घरी वाचून होईल. लायब्ररी असते, ती आता बरीचशी मोबाइलवर आहे. पण दर सेमिस्टरला एका समितीपुढं उभं राहून काय केलं ते सांगावं लागतं, आणि शेवटी थीसिस गाईडशिवाय बाहेरचे किमान दोन परीक्षक वाचतात, मग तोंडी परीक्षा होते. म्हणजे पगार घेऊन, सही करून कुणीतरी तुम्हाला "हे चूक आहे, हे कशावरून म्हणता" विचारतं. घरी बसून करणाऱ्याला सगळं मिळतं, फक्त हे मिळत नाही. घरचे कौतुक करतात, मित्र व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडतात, आणि चूक वर्षानुवर्षं तशीच वहीत वाढत राहते.

माझंच सांगते. मी गिरणीच्या चाळीतल्या बायकांच्या आठवणी गोळा करत होते, ३१ जणींशी बोलले, दोन वर्षं. सगळ्या जणी "संपाच्या वेळी" असं म्हणायच्या आणि मी त्या सगळ्या आठवणी एकाच संपाखाली लिहीत गेले. एका रिटायर्ड इतिहासाच्या बाईंना सहज वाचायला दिलं तर त्यांनी दहा मिनिटांत विचारलं, ही म्हणते तेव्हा थोरली पोटात होती आणि ती म्हणते थोरलीचं लग्न झालं होतं, दोघी एका वयाच्या, मग संप एकच कसा? दोन वेगळे संप होते. अर्धी प्रकरणं परत लिहावी लागली, आणि तोपर्यंत त्यातल्या चार जणी वारल्या होत्या, परत विचारायला कुणी नव्हतं. बाईंना पहिल्या सहा महिन्यांत भेटले असते तर त्या चौघींना मी वर्ष विचारलं असतं. ही गोष्ट मला आजही लागते म्हणून तुम्हाला एवढं खेटून सांगतेय.

तर तुमची समिती तुम्ही तयार करा. तीन माणसं पुरेत. एक जुना कार्ड पंच करणारा किंवा मास्टर, वडिलांचा मित्र नको, झालंच तर त्यांच्याशी ज्याचं पटत नव्हतं असा, कारण तोच सांगेल की ते डिझाइन तुमच्या वडिलांच्या आधी दुसऱ्या कारखान्यात होतं. एक इतिहास शिकवणारं माणूस, कॉलेजातलं किंवा रिटायर्ड. आणि एक कापडाच्या तांत्रिक बाजूचं, टेक्स्टाइल डिप्लोमा शिकवणारं वगैरे. दर सहा महिन्यांनी चार पानं टाइप करून आठवडाभर आधी द्यायची, मग बोलवायचं, कडक भाकरी, शेंगा चटणी करा, आणि वीस मिनिटं तुम्ही बोला, नंतर तासभर फक्त ऐका. उत्तर द्यायचं नाही त्या दिवशी, लिहून घ्यायचं. सहा महिन्यांनी पुढच्या चार पानांत उत्तर द्यायचं. लोक येतात हो. एखाद्याला "मार्गदर्शन करा" म्हणलं की तो घाबरतो, पण "या चार पानांत चूक कुठंय ते सांगा" म्हणलं की आवडीने येतो.

आता विषय. "सोलापुरी चादरीचा समग्र इतिहास" हा विषय नाही, ती आयुष्यभराची इच्छा आहे. यातून एक प्रश्न काढा, ज्याचं उत्तर तुम्हाला आज माहीत नाही आणि जे चुकू पण शकतं. उदाहरणार्थ, १९६० ते १९९० मध्ये चादरीवर कुठलं डिझाइन येणार हे ठरवायचं कोण? कारखान्याचा मालक, ग्राफ काढणारा, की ऑर्डर देणारा मुंबईचा व्यापारी? ह्या एका प्रश्नात मजुरी येते, बाजार येतो, नक्कल करणं येतं, तुमचे वडील येतात, आणि तरी तो एका माणसाच्या हातात मावतो. हाच घ्या असं नाही, पण एवढ्या मापाचा घ्या.

आणि ह्या प्रश्नाला तुमच्याकडं अशा दोन गोष्टी आहेत ज्या बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकाकडं नसतात. एक, तुम्ही अकाउंटवाले. रोजमेळ, खतावणी तुम्ही पेपरासारखी वाचता. जुन्या वह्यांत डिझाइनचे पैसे कुणाच्या नावे टाकलेत, एकरकमी की महिन्यावर, कार्ड पंचिंगची मजुरी वेगळी लावली की नाही, हे बघा. "डिझाइन माझं" असं सगळेच म्हणतील, पण पैसे कुणाला गेले ते वही सांगते. दुसरं म्हणजे घरची तेलुगू. मागावरचे, कार्डाचे, डिझाइनचे जे शब्द आपल्याकडच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरांत तेलुगूत बोलले जातात त्यांची एक वही पहिल्या दिवसापासून करा, शब्द, अर्थ, कुणी सांगितला. आपल्या सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करत करत जंगलातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची नावं गोळा करत राहिले, त्यातून मराठीला किती शब्द मिळाले. नोकरी सांभाळून झालेलं काम आहे ते.

डिझाइन काढणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांकडं आधी जा, वयाने सगळ्यात मोठे असतील त्यांच्याकडं सगळ्यात आधी. "इतिहास सांगा" म्हणू नका, मग ते भाषण देतात. विचारा की पहिलं डिझाइन कुणी दिलं, ग्राफ काढायला किती दिवस, कार्डं किती लागली, पैसे किती मिळाले, आणि कुठलं डिझाइन मालकाने परत केलं. परत केलेल्यावर माणसं जास्त खरं बोलतात. हातात एखादा ग्राफ देऊन बोलतं करा. रेकॉर्डिंगला आधी विचारा, तेलुगूत विचारा, नाव छापायचं की नाही ते पण विचारा आणि त्यांचं उत्तर रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या. विद्यापीठात अशा परवानग्या बघायला समिती असते, तुमच्याकडं नाही, म्हणून तुम्हीच दुप्पट काटेकोर राहायचं. त्याच रात्री फाइलला नाव आणि तारीख द्या आणि दुसऱ्या ठिकाणी कॉपी करा. ग्राफ छापायचे असतील तर ज्या कारखान्यासाठी काढलेत त्याच्याकडून लेखी घ्या, नंतर वाद नको.

वाचायचं कुठं, तर सुरुवात शोधगंगा या वेबसाइटपासून. भारतातल्या विद्यापीठांचे थीसिस तिथं फुकट आहेत. सोलापूर, यंत्रमाग, पद्मशाली, हातमाग असे शब्द मराठी, इंग्रजी दोन्हीत टाकून बघा, आणि एखादा थीसिस जवळचा वाटला तर त्याच्या शेवटची संदर्भ यादी आधी वाचा, तिथं तुमचं पुढच्या सहा महिन्यांचं वाचन तयार असतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरचा खंड १८८४ चा आहे, इंटरनेट आर्काइव्हवर मिळतो, त्यात त्या वेळच्या विणकरांचं वर्णन आहे. आपल्या हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसा, तिथल्या माणसांशी ओळख करा. पुण्याला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं, दिवसभर गोखले इन्स्टिट्यूटची लायब्ररी नाहीतर डेक्कन कॉलेज, संध्याकाळच्या हुतात्माने परत, फक्त आधी फोन करून बाहेरच्या माणसाला बसू देतात का आणि काय कागद लागतात ते विचारून घ्या. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुने सरकारी कागद ठेवायची जागा, आहे, तिथं प्रश्न पक्का झाल्यावरच जा, नाहीतर कागदांच्या ढिगात हरवता.

आणि कागद भलत्याच ठिकाणी सापडतात हे लक्षात ठेवा. १९४९ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, आपली जुनी गिरणी, बंद पडली, सरकारने ती ताब्यात घ्यायला वेगळा कायदा केला, एका शेअरहोल्डरने त्याला आव्हान दिलं आणि १९५० साली सुप्रीम कोर्टाने त्यावर निकाल दिला. चिरंजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार. कायद्याची पोरं हा निकाल समानतेच्या हक्कासाठी वाचतात. पण इतिहासवाल्याने वाचला तर गिरणी का बंद पडली, कारभार कसा चालला होता, ह्याचा पण माग त्यात आहे, आणि तो नेटवर फुकट आहे. तुमच्या चादरींच्या बाबतीत पण असे कुठंतरी दावे, भांडणं, ट्रेडमार्कच्या फायली असणार. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्याच्या अर्जात चादरीचं वर्णन आणि माहिती दिलेली आहे, ती मिळवा आणि मास्तर जे सांगतात त्याच्याशी ताडून बघा. जिथं जुळत नाही तिथं थांबा, तिथंच तुमचं काम आहे.

"मानणार कोण" याला माझं उत्तर असं की एकदम सगळं पुस्तक काढू नका, आधी एक छोटा निबंध. वीस पानं, एक कारखाना, एक प्रश्न, प्रत्येक विधानाखाली तळटीप, हे कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर किंवा कोणत्या मुलाखतीत. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणारी जर्नल्स तुम्हाला मेल करतील, त्यांना उत्तर देऊ नका. तुमच्या गठ्ठ्यांचे आणि ग्राफचे फोटो, त्यांची यादी, ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या मुलाखती, हे झेनोडो नावाच्या वेबसाइटवर टाकता येतं, फुकट आहे, प्रत्येक गोष्टीला कायमचा नंबर मिळतो. ऑर्किड नावाचा संशोधकाचा नंबर पण फुकट मिळतो, त्याला विद्यापीठ लागत नाही. संदर्भ ठेवायला झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर घ्या, आता पासूनच, तीनशे संदर्भ झाल्यावर परत भरत बसणं फार त्रासाचं असतं. मग निबंध ज्यांचे थीसिस तुम्ही वाचलेत त्यांना पाठवा, मोघम नाही, "तुमच्या तिसऱ्या प्रकरणात तुम्ही अमुक म्हणता, माझ्या वहीत वेगळं दिसतंय" असं. त्यातला एक जरी उलट भांडला तरी तुम्हाला मानलं असं समजा.

वेळ किती, तर नोकरी सांभाळून आठवड्याला सहा सात तास धरले तर माझ्या हिशोबाने सात आठ वर्षं. नियमात पूर्ण वेळवाल्याला पण किमान तीन वर्षं आहेत.

वहिनींना काय सांगायचं. खरं सांगा, पैसे मिळणार नाहीत, उलट थोडे जातील, म्हणून महिन्याची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवा आणि ती ओलांडू नका, आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण घरची ठेवा. पण त्यांना बाजूला ठेवून हे करू नका. तुमच्या सासरी कुणी मागावर होतं का, सासूबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या का, विचारलंत कधी? बहुतेक घरांत मागाचं अर्धं काम बायकांनी केलंय आणि डिझाइनच्या गोष्टीत त्यांचं नाव कुठं येत नाही. त्या मुलाखती वहिनी तुमच्यापेक्षा चांगल्या घेतील, बायका पुरुषांसमोर मजुरीचं बोलत नाहीत.

पहिली चार पानं झाली की मला पाठवा. गठ्ठ्यांची यादी, एक मुलाखत आणि तुमचा प्रश्न, एवढंच. मी लाल पेनाने वाचून पोस्टाने परत पाठवीन, आणि चादरीतलं मला कळत नाही तिथं ज्यांना कळतं त्यांच्याकडं पुढं देईन. फक्त कार्डं आधी उचला.